रक्ताचा टंच

आमच्या सदाकाकाचा कुणाच्याही तोंडावर विश्वास नव्हता. समोरचा माणूस शपथ घेऊन काही सांगत असला तरी हा मान वाकडी करून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते ऱ्हाऊ दे पावणं. टंच कुठाय?" समोर कोण बसलंय हेसुद्धा बघायचा नाही. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला त्यानं हे विचारलं, "निर्मळ दूध आहे" म्हणणाऱ्या गवळ्याला विचारलं आणि मला बघायला आलेल्या मुलाच्या बापालाही विचारलं. पुढारी हसला, गवळ्यानं रतीब बंद केला आणि मुलाचा बाप चहाचा कप तसाच ठेवून उठून गेला. त्या स्थळाचं मला काडीचंही दुःख झालं नाही, पण घरात कितीतरी दिवस काकाशी कुणी धड बोललं नाही.

हुपरीच्या माणसाला टंच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या गावात घरोघरी चांदीची पैंजणं होतात. चांदी वितळवून लगड ओतली, की तिच्यात खरी चांदी किती आणि तांब्याची खोट किती हे बघण्यासाठी तिचा चिमूटभर कीस टंचाच्या दुकानात द्यायचा. ते तपासून कागदावर आकडा देतात. आकडा आला की वाद संपला, मग समोर सख्खा भाऊ का असेना. काका हा कीस कधी एका जागेवरून घ्यायचा नाही. "दोन्ही टोकांनी खरवडायची असती. एका टोकाला लगड लबाडी करती," असं म्हणायचा, आणि जो एकाच टोकानं कीस घेईल त्याला शिव्या घालायचा.

कारखाना दोघा भावांचा होता. थोरले माझे वडील. त्यांना घरात आणि गावात सगळेच आण्णा म्हणतात. व्यापाऱ्यांशी गोड बोलायचं काम आण्णांचं आणि भट्टीपुढं बसायचं काम काकाचं. काकाला गोड बोलता येतच नव्हतं. लग्नही झालं नाही त्याचं. झालं नाही म्हणण्यापेक्षा गावानं होऊ दिलं नाही. कुठलेही पाहुणे चौकशीला आले की चहाच्या टपरीवर बसलेलं कुणीतरी हमखास सांगायचं, "मुलगा तसा चांगलाय हो, पण तेजीमंदी हाय." चांदीच्या भावासारखा हा माणूस वर चढायचा आणि खाली कोसळायचा, म्हणून ते नाव. आमच्या गावाला विनोदाची फार हौस. कुणाच्या जिवावर बेतलंय हे कळत असूनही हसायचं, आणि वर "मनाला लावून घेऊ नका" म्हणायचं. मी लावून घेतलं, आणि अजून काढलेलं नाही.

मी शाळेत असताना त्याची एक तेजी बघितली. तो झोपेनासा झाला, जेवेनासा झाला, भट्टीपुढं बसून अखंड बोलत राहिला. हुपरी ते दिल्ली रस्त्यावर चांदीचे खांब उभे करायचे बेत चालले होते. मग एका दुपारी त्यानं एका व्यापाऱ्यासाठी तयार केलेल्या पैंजणांचं पोतं खांद्यावर टाकलं, आमच्या मुलींच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन बसला आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पायात पैंजण घालत सुटला. "नाचा की गं पोरींनो! चांदी काय पेटीत कोंडून ठेवायला असती व्हय?" सगळी शाळा छुमछुमत घरी गेली. खरं सांगते, इतकी सुंदर दुपार मी परत बघितली नाही.

संध्याकाळी आण्णा प्रत्येक घरी जाऊन ती पैंजणं काढून आणायला निघाले. पिशवी धरायला मी. काही बायकांनी मुकाट्यानं दिली, काहींनी दार उघडायला वेळ लावला. एका मुलीनं पाय आखडून घेतला तेव्हा आण्णांनी तो ओढून धरला आणि ती रडायला लागली. घरी आल्यावर आण्णांनी पिशवी अंगणात आपटली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजार न्हाय ह्यो. माज हाय माज. बसून खायाला मिळतंय न्हवं!" काका पायरीवर बसून हसत होता. ते हसणंही आजारच होतं, पण त्या हसण्यामुळे आण्णांचं म्हणणं आळीला पटलं.

काही आठवड्यांनी तोच माणूस कारखान्यात गोणपाटावर भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. भट्टी गार. मी चहा घेऊन जायचे, कपावर साय धरायची, तीच घेऊन परत यायचे. एकदा त्यानं तोंड न वळवता विचारलं, "वैशे, उठायचं कसं असतं गं?" तेवढ्यात दारात आण्णा येऊन उभे राहिले. "आज तरी उठनार हायती का म्हाराज?" मला त्या वेळी आण्णांच्या अंगावर कप फेकून मारावासा वाटला होता.

पुढं आण्णांना साखर निघाली. आणि मग बघायचं होतं तुम्ही आमचं घर! तपासणीचा कागद आला, त्यावर आकडा होता, की सगळे कामाला लागले. आण्णांचा चहा वेगळा, आण्णांची भाकरी वेगळी, लग्नाच्या पंगतीत वाढपी लांबूनच ओरडायचा, "आण्णांना जिलेबी नको रे, शुगर हाय त्यांना." अनोळखी माणसंसुद्धा मायेनं चौकशी करायची. काका हे सगळं बघत बसायचा. एकदा माझ्याजवळ म्हणाला, "त्येच्या आजाराला आकडा हाय. माझ्या आजाराला नुसती लोकांची तोंडं हायत." त्यात हेवा होता, नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या बापाच्या मधुमेहाचा हेवा करणारा तो जगातला एकटाच माणूस असेल.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि थोडं बस्तान बसल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकाला इथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं, माझंही ऐकलं आणि सांगितलं, की हा बायपोलर आजार आहे, गोळ्या आहेत, नेमानं घ्याव्या लागतील. काकानं लगेच हात पुढं केला. "टंच?" मी डॉक्टरबाईंना अर्थ समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "याची रक्ताची तपासणी अजून नाही काका. माणसाशी बोलून, मागचं सगळं विचारूनच हे ठरवावं लागतं." झालं! काका खुर्ची मागं ढकलून उठला. "म्हंजे तुमीबी तोंडावरच चाललाय? मग आमच्या गावानं काय वेगळं केलंय?" दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला होता. मी दंडाला धरून परत आणला, रस्त्यावर तमाशा झाला तो झाला.

गोळ्यांनी त्याचं खूप बरं झालं. त्यानं ते कधी कबूल केलं नाही, पण भट्टी परत नेमानं पेटू लागली. त्या गोळ्या लिथियमच्या होत्या, त्यामुळे मधूनमधून रक्त तपासावं लागायचं. पहिल्यांदा तो कागद हातात पडला आणि त्यावर छापलेला आकडा दिसला, तेव्हा काका दवाखान्याच्या पायरीवरच बसला. तिथूनच मला फोन करून "आला की गं," म्हणाला. कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून त्यानं एसटीतून हुपरीपर्यंत नेला. काय आहे ते नीट विचारण्याइतकाही धीर त्याला नव्हता, आणि मी कामावर गेले होते, म्हणून बरोबर नव्हते.

हुपरीला आण्णांच्या पुढ्यात त्यानं तो कागद ठेवला. आण्णांनी तो उचलला, चष्मा लावला आणि सरळ गावातल्या औषधाच्या दुकानात नेला. दुकानदारानं सांगितलं, की यात आजार नाही, गोळीचं औषध रक्तात किती उतरलंय ते मोजलंय. आण्णा हसतच परत आले. "आरं, गोळी खाल्ली की आकडा येतोय. उद्या मी खाल्ली तर माझाबी यील. मला काय याड लागलंय व्हय?" चारचौघे होते, तेही हसले. काकानं मला फोन केला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाला, "वैशे, त्यांनी आपणच घातलेलं तांबं मोजलं गं. चांदी बघितलीच न्हाय."

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंवर जाऊन बरसले. त्यांची काही चूक नव्हती, पण कुणावर तरी बरसणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एका संशोधनाचं सांगितलं. एक मोठी संस्था ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून रक्त गोळा करत होती. आजारी माणसाचं रक्त आणि त्याच्याच, आजार नसलेल्या, सख्ख्या भावाचं किंवा बहिणीचं रक्त शेजारी ठेवून बघायचं, की फरक नेमका कुठं आहे. एखादी खूण सापडली तर पुढं कधीतरी तपासणी होऊ शकेल. पुढच्या खेपेला त्यांनी काकाला हे सांगितलं, तेव्हा त्याला एका दमात समजलं. "खऱ्या चांदीशेजारी ठेवून बघायचं. मग बराबर हाय की," म्हणाला.

"पण एक ऐका काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खूण अजून सापडलेली नाही. सापडेलच असंही मी म्हणत नाही. आणि तुमचा स्वतःचा असा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही."

आता हा खुर्ची उलथून टाकणार म्हणून मी पर्स सावरून उठले होते. पण काका बसून राहिला. बाईंकडे निरखून बघत म्हणाला, "ही बाई खोटं बोलत न्हाय." टंच न मागता त्यानं विश्वास ठेवलेला हा माझ्या माहितीतला पहिला माणूस. मी म्हटलं, "अरे, मग देतोस कशाला? तुला काय मिळणार?" तर माझ्यावरच खेकसला, "मला न्हाय तर न्हाय. फुडच्या येड्याला तरी कागद मिळंल!"

रक्त द्यायचं तर उपाशी पोटी. तसं बजावून सांगितलं होतं. हा सकाळी एसटीतून उतरला, आधी गंगावेशीत गेला, तिथं समोर म्हैस पिळून देतात ते फेसाळ दूध उभ्यानं प्यायला आणि मग मिशा पुसत दवाखान्यात हजर झाला. नंतर सिस्टर बाटली हातात घेऊन बाहेर आली. रक्त यंत्रात फिरवल्यावर वर दुधाळ थर आला होता. "मामा, उपाशी आलाय न्हवं?" "एकदम उपाशी. फकस्त दूध प्यालोय." "अहो मामा!" "मग? दूध काय खायाचं असतंय व्हय?" परत दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मुक्काम करून जावं लागलं. त्या दिवशी त्यानं नवीनच काढलं. एका हातातून रक्त घेऊन झालं तर दुसरी बाही वर करून बसला. "ह्या टोकाचंबी घ्या." सिस्टर म्हणाली, "मामा, रक्त सगळीकडं एकच असतंय." हा हलेना. मागं रांग लागलेली, लोक वैतागलेले. शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एक बाटली त्या हाताची घ्या हो. काय बिघडतंय?"

राहिलं होतं भावाचं रक्त. त्यासाठी काका आण्णांकडे गेला तेव्हा मी हुपरीलाच होते. आयुष्यात त्यानं भावाकडे काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. आण्णा झोपाळ्यावर बसले होते. काका खाली बसला.

"आण्णा, एवढुसं रक्त दे. शुगरसाठी देतोसच की."

"शुगरचं येगळं. ह्ये न्हाय."

"का?"

"माझ्या रक्तात खोट हाय असा कागद करून घ्यायचाय व्हय तुला? घरात पोरीबाळी हायत्या. वैशीच्या लेकीचं लगीन व्हायचंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी लेक अजून शाळेत जात होती, तिच्या लग्नाचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी म्हटलं, "आण्णा, माझ्या लेकीला मधे घालू नका. तुम्हाला भीती वाटते म्हणून सांगा." कारण मला तेव्हा लख्ख कळलं. माज म्हटलं की ते एकट्या काकाचं राहत होतं. आजार म्हटलं, रक्तातला म्हटलं, की ते आमच्या सगळ्यांच्या वाट्याला येत होतं. एवढी वर्षं या घरानं एका माणसाला माजोरी ठरवून स्वतःला वाचवलं होतं. मी हे तोंडावर बोलले. आण्णा झोपाळ्यावरून उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, आता काका भांडेल. भांडणात त्याला हरवणारा हुपरीत कुणी नव्हता. पण तो चड्डीची धूळ झटकत उठला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे." परत त्यानं तो विषय कधीच काढला नाही. डॉक्टरबाई दर खेपेला विचारायच्या, "भाऊ येणार का?" काका म्हणायचा, "यील की." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं, आणि तेही आण्णांना झाकण्यासाठी.

गेल्या वर्षी काका गेला. चांगला बरा होता. भट्टीपुढं बसल्याबसल्याच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तसा कागद मिळाला, त्यावर कारण छापलेलं होतं, आणि ते सगळ्यांनी ताबडतोब मानलं. कुणी म्हणालं नाही, की हृदय कसलं, नाटक असेल. त्या कागदाकडे बघून मला इतका संताप आला, की तो फाडायचाच बाकी राहिला.

भेटायला लोक येत होते. जिवंतपणी ज्यांनी त्याला तेजीमंदी म्हणून हाक मारली, तेच आता "देवमाणूस हो" म्हणत चहा पीत होते. त्यांच्यातलाच एक व्यापारी निघता निघता सहज बोलून गेला, "सुटला बिचारा. पर आण्णा, माजबी लई केला हं त्यानं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आण्णा ताडकन उठले.

"कुनाचा माज? आजार हुता त्याला. आजार! ऊठ हितनं. चालता हो."

व्यापारी चपला घालत बाहेर पडला. लोकांना वाटलं असेल, भावाची माया उफाळून आली. मला मात्र तो ट्रे खाली आपटावासा वाटला. हा शब्द काय महागाचा होता? एवढी वर्षं तो याच शब्दासाठी कागद शोधत हिंडला, आणि तुम्ही तो एका भुरट्या व्यापाऱ्याला देऊन टाकलात!

दिवसकार्य झालं. त्यानंतर एका सकाळी आण्णा एकटेच एसटीनं कोल्हापूरला माझ्या दारात आले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "नको. उपाशी आलोय. दूधबी प्यालो न्हाय. त्या बाईकडं चल." मी गाडी काढली. डॉक्टरबाईंनी काकाची बातमी ऐकून क्षणभर डोळे मिटले, मग म्हणाल्या, "त्यांचं रक्त ठेवलेलं आहे. तुमचं घेता येईल."

आण्णा त्याच खुर्चीवर बसले. त्याच सिस्टरनं रक्त घेतलं आणि कापूस लावला. आण्णांनी दुसरी बाही वर केली. "ह्या टोकाचंबी घ्या." सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. काकानं हेच केलं तेव्हा आण्णा तिथं नव्हते, आणि मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. सिस्टर दुसरी बाटली घेऊन आली.

"रिपोर्ट कधी मिळंल?" आण्णांनी विचारलं.

"नाही मिळणार आण्णा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणालाच मिळत नाही. शोध अजून चालू आहे."

"सदाला म्हाईत हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तरी दिलं त्यानं?"

"तरी दिलं. आणि तुम्ही येणार म्हणून दर वेळी सांगून जायचे."

बाहेर आल्यावर आण्णा गाडीजवळ थांबले. म्हणाले, "वैशे, मनातनं मी मानत हुतो गं. आजार हाय ह्ये मला कळत हुतं. तोंडानं म्हनलो न्हाय, एवढंच."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ते ऱ्हाऊ दे आण्णा. टंच कुठाय?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. दोन्ही कोपरांच्या आत कापूस चिकटवलेला होता.

मी ते हात बघितले. "हे त्याला दाखवायचं होतं," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.